मोटरीचा फोन

राजरत्नने हँडसेट कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळले. त्याने काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या तिघांकडे एकवार पाहून घेतले.

“तांदळात ठेवला व्हता ना?”

“भिजला व्हता म्हणून,” हौशीराम म्हणाले. “तांदूळ पाणी ओढून घेतो म्हणत्यात.”

“ओढतो की. आन मग सोता आत जाऊन बसतो. आता दुरुस्ती करायची का खिचडी, तेवढं सांगा आबा.”

कुणी हसले नाही. मंचरच्या एसटी स्टँडसमोरच्या त्याच्या चिंचोळ्या दुकानात माणसे फोन टाकत आणि चहाला निघून जात. ही माणसे हलायला तयार नव्हती. म्हातारा काउंटरवर दोन्ही तळवे रोवून उभा होता, जणू हात काढले तर काउंटर वाहून जाईल. त्याच्या एका अंगाला धाकटी सून साधना होती, दुसऱ्या अंगाला थोरली सून शीला, आणि दोघी एकमेकींकडे न पाहण्याची इतकी काळजी घेत होत्या की ते न पाहणेच दुकानात सर्वांत ठळकपणे दिसत होते.

“लई जुना माल हाये हा,” राजरत्न म्हणाला. “यात जीव घालण्यापरीस नवा घ्या की. टॉर्चवाला देतो.”

“आमाला फोन नको,” साधना म्हणाली. “यात शेवटचा फोन कुणाचा आला, तेवढं पायजे.”

राजरत्नने मान वर केली. यावेळी त्याने काही विनोद केला नाही.

शीलाने उजवा हात पदरात गुंडाळून घेतला. त्या हाताचा अंगठा त्या दिवसापासून तिला परका झाला होता.

त्या फोनवर कधी कुणी बोलले नव्हते. महाळुंगे पडवळला, उसाच्या दोन तुकड्यांपलीकडे त्यांची विहीर होती. विहिरीच्या काठावर मोटरीची खोली, आणि खोलीतल्या भिंतीवर स्टार्टरची पेटी. अमृतने, म्हणजे साधनाच्या नवऱ्याने, आपला जुना बटणांचा फोन त्या पेटीत बसवला होता. घरून त्या नंबरला फोन लावला की तो आपोआप उचलला जाई, हेडफोनच्या भोकातून काढलेली तार स्टार्टरला इशारा देई आणि मोटर सुरू होई. पुन्हा फोन लावला की बंद. उसात बिबट्याची मादी पिलांसह मुक्काम करून होती, वीज कधी रात्रीची येई, कधी पहाटेची. तेव्हा अंधारात बांधावरून जाण्यापेक्षा चुलीपुढे बसून मोटर चालू करणे सगळ्या घराला मानवले होते.

मोटरीला हात लावायचा तर आधी फ्यूज काढावा, हे प्रत्येकाला ठाऊक होते. पण फ्यूजची पेटी पार बांधाच्या टोकाला, खांबावर. म्हणून घरात एक रीत पडून गेली होती. कामाला निघालेला माणूस उंबऱ्यातून सांगून जाई, ‘मोटरीला फोन करू नका रे.’ घरातला एखादा ‘बरं’ म्हणे. तेवढ्यावर माणूस निर्धास्तपणे यंत्रात हात घाली. तारेच्या जागी त्यांनी शब्द बसवला होता, आणि तो आजवर कधी वितळला नव्हता.

त्या दिवशीही अमृत सांगून गेला. ‘बरं’ शीला म्हणाली होती. पंपाच्या शाफ्टभोवतीची दोरी झिजून पाणी गळत होते. जुनी दोरी उकरून तो नवी भरत होता. त्याची बोटे त्या खाचेत असताना मोटर फिरली. उघड्या जागेतून पाण्याचा फवारा उडून समोरच्या पेटीत शिरला, फ्यूज उडाला, फोन जागीच मेला. सगळे एका श्वासाइतक्या अवधीत. अमृतच्या उजव्या हाताची दोन बोटे मंचरच्या दवाखान्यात काढून टाकावी लागली.

मोटरीला फोन लावणारे घरात दुसरे होते तरी कोण? हौशीरामांना नंबर लावता येत नसे. शीलाचा नवरा चांगदेव चाकणच्या कंपनीत; तिथे पाळी सुरू होताना फोन गेटवर जमा करावा लागे. साधना गोठ्यात आणि डेअरीत. भाकऱ्या थापता थापता पाणी सोडणे हे शीलाचे काम. तिने आपला फोन पुढे केला, पण त्यानेही तिची बाजू घेतली नाही. अपघातानंतर तिनेच जीपवाल्याला, दवाखान्याला, चांगदेवाला, सगळ्या सोयऱ्यांना इतके फोन लावले होते की तिच्या साध्या फोनच्या यादीतून सकाळ केव्हाच खाली घसरून नाहीशी झाली होती.

मग साधना म्हणाली, ‘ती चुलीपुढं असंल तर मी त्या घरात यायची न्हाई.’ आणि हौशीरामांनी चांगदेवाला सांगितले की सुट्टी काढ, शीलाला आणि पोरांना काही दिवस राजुरीला तिच्या माहेरी पोचव. काही दिवस म्हणजे काय, ते कुणी विचारले नाही. आज संध्याकाळी तो येणार होता.

‘तो फोन उघडा,’ शीला म्हणाली होती. ‘कुणी केला ते त्यात असंल. माझा निघाला तर मी माझ्या पायांनी राजुरीला जाते.’

रागाच्या भरात ती हे बोलून गेली. नंतर, भांडी घासताना, तिला त्या सकाळचा माग लागेना. पीठ मळले ते आठवत होते. तवा टाकला ते आठवत होते. मधे फोन घेऊन मोटरीला फोन लावणारे दोनाचे बटण दाबून धरले होते का? रोज दाबत होती. रोज, ध्यानीमनी नसताना, डोळे तव्यावर असताना. सवयीने केलेली गोष्ट मागे खूण ठेवत नाही. ती पाण्यावरून गेलेल्या सावलीसारखी असते, गेली तरी पाणी तसेच. ‘मी न्हाई केला’ असे ती सगळ्यांना सांगत होती, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याखालची जमीन थोडी आणखी भुसभुशीत होत होती.

राजरत्नने मागचे झाकण काढले. बॅटरीचे पोट फुगले होते. नखाने ती हलकेच उचलून त्याने बाजूला ठेवली, तिच्या बिछान्यातून सिम सरकवून काढले, प्रकाशात धरले. सोनेरी पत्र्यावर हिरवट डाग चढले होते.

“आबा, आधीच सांगतो,” तो म्हणाला. “या फोनची एक खोड हाये. दुसरं सिम टाकलं की तो मागच्या कॉलची यादी पुसून टाकतो. आन सिमच न्हाई घातलं तर यादी उघडतच न्हाई. म्हणजे हेच सिम चालाया पायजे. न्हाई चाललं तर मग देवालाच काळजी.”

“चालंल,” शीला म्हणाली.

“ताईंना लई खात्री,” साधना म्हणाली.

“तुला न्हाई का? मग आलीस कशाला?”

“बघायला आले. मधीच कुणी पुसायला सांगितलं तर?”

“समोर हायेस की तू. डोळं उघडं ठेव.”

“गप बसा दोघी,” हौशीराम म्हणाले, पण आवाजात धाक नव्हता. त्या दिवसापासून त्यांचा आवाज भिजल्या दोरासारखा झाला होता.

चांदणीच्या डोक्याचे बारीक स्क्रू एकेक निघू लागले. राजरत्न ते चुंबकाच्या तुकड्यावर ठेवत होता. शेवटचा गंजला होता. पेचकस फिरे, स्क्रू फिरत नसे. त्याने सोल्डरची तापलेली टोकदार सळी स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरली, श्वास रोखला, पुन्हा पेचकस लावला. शीलाला वाटले, हा उघडूच नये. तसे वाटल्याबरोबर तिला स्वतःची भीती वाटली. स्क्रू करकरला आणि सुटला.

पुढचा भाग प्लास्टिकच्या पातळ पात्याने कडेकडेने उचलत त्याने वेगळा केला. बटणांची रबरी चटई सुटून आली. तिच्याखालून तांदळाचे दोन दाणे काउंटरवर पडले. बाकीच्यांची पेज होऊन ती पातळ पापुद्र्यासारखी वाळली होती. त्याखाली सर्किटची हिरवी पाटी, आणि पाटीवर जागोजाग पांढरट निळी बुरशी फुललेली.

“विहिरीचं पाणी ना? क्षार लई,” राजरत्न स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. जुन्या टूथब्रशवर थिनर घेऊन तो पाटी घासू लागला. तो तिखट वास शीलाच्या डोक्यात गेला. दवाखान्याच्या जिन्यातही असाच वास होता, तिला वर जाऊ दिले नव्हते त्या जिन्यात.

तेवढ्यात हौशीरामांचा फोन वाजला. शीलाने तो त्यांच्या हातातून घेऊन उचलून दिला, कारण त्यांना हिरवे बटण कधीच चटकन सापडत नसे. दवाखान्यातून नर्स बोलत होती. संध्याकाळचे इंजेक्शन मेडिकलमधून आणून द्या म्हणाली.

“मी मेडिकलमधनं घेऊन येतो,” हौशीराम म्हणाले. दाराशी थांबून त्यांनी दोन्ही सुनांकडे पाहिले, आणखी काही बोलावे असे त्यांच्या मनात आले असावे. “भांडू नका,” एवढेच म्हणाले आणि उन्हात उतरले.

साफ केलेल्या पाटीला राजरत्नने बॅटरीऐवजी वीज पुरवणाऱ्या मशीनच्या दोन तारा जोडल्या. मशीनचा काटा झटकन उजवीकडे आपटला.

“शॉर्ट हाये. करंट खातोय.”

“म्हणजे?” दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकदम म्हणाल्याचा दोघींनाही राग आला.

“म्हणजे कुठंतरी आतल्या आत वीज जिरतीये. वर येत न्हाई.” त्याने कापसाच्या बोळ्याने पाटीवर थिनरचा पातळ हात फिरवला आणि पुन्हा वीज सोडली. “आता बघा. जिथं जळतंय तिथलं आधी सुकतं.”

तिघेही वाकले. ओली पाटी दिव्याखाली चमकत होती. काही क्षण काहीच झाले नाही. मग एका कोपऱ्यात, मुंगीच्या डोक्याएवढ्या एका तुकड्याभोवती, ओल मागे हटू लागली. कोरड्या जागेचे एक लहानसे वर्तुळ उमलत गेले. शीला त्या वर्तुळाकडे बघत राहिली. आपल्यालाही असेच कुणी दिव्याखाली धरले असते, तर कुठली जागा आधी सुकली असती?

राजरत्नने गरम हवेचा झोत धरून तो तुकडा चिमट्याने उचलला. “याच्याबिगर चालतो फोन. हा वरकड तुकडा हाये, मुख्य कामाचा न्हाई,” तो म्हणाला. यावेळी काटा शांत राहिला.

पडद्यावर पिवळा उजेड आला. साधनाने काउंटरची कड धरली.

“थांबा. आधी याची अँटिना काढून ठिवतो. मधीच कंपनीचा जाहिरातीचा फोन यायचा आन तोच सगळ्यात वर जाऊन बसायचा.” त्याने पाटीच्या माथ्यावरची पत्र्याची पट्टी सोडवली, सिम बसवले. पडद्यावर अक्षरे आली. सिम टाका.

त्याने सिम काढले, खोडरबराने त्याचा पत्रा घासला, पुन्हा बसवले. सिम टाका.

“बघा,” साधना म्हणाली. “आता म्हणतील, न्हाईच झालं. झाकली मूठ तशीच घेऊन जायाची.”

त्या शब्दांनी शीलाच्या छातीतला एक दोर सैल झाला होता. न्हाईच झालं तर? तर राजुरी. माहेरी ती निर्दोष म्हणून जाणार नव्हती, दोषी म्हणूनही नाही. मधल्या त्या धुक्यात, जिथे आई विचारणार नाही आणि भावजय विचारल्यावाचून राहणार नाही. पोरांना तिथल्या शाळेत घालताना चांगदेव मास्तरांना काय कारण सांगेल? आणि रात्री ती पुन्हा अंगठ्याकडे बघत बसेल. आयुष्यभर बघत बसेल. तिला एकाएकी कळले की राजुरीपेक्षा तिला या न कळण्याची धास्ती जास्त आहे.

“दादा,” ती राजरत्नला म्हणाली, “जमवा तुमी. माझा निघाला तरी चालंल. पण जमवा.”

साधनाने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिले.

राजरत्नने भिंग डोळ्याला लावले. सिमच्या खाचेतल्या बारीक पत्र्याच्या जिभा दबून गेल्या होत्या. सुईच्या टोकाने एकेक जीभ तो केसभर वर उचलू लागला. जास्त उचलली तर तुटणार होती. रस्त्यावर नारायणगावची गाडी लागल्याचे कुणीतरी ओरडून सांगत होते. बाहेरचे जग इतके निष्काळजी कसे असू शकते, असे शीलाला वाटत राहिले. राजरत्नच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला. त्याने तो खांद्याला पुसला, सिम सरकवले, तारा जोडल्या.

पिवळा उजेड. मग एक रिकामी ओळ. मग मेनू.

“आलं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. जोराने बोलले तर जाईल अशा बेताने.

बटणांची चटई बोटाने दाबून धरत तो आत शिरत गेला. आलेले फोन. सगळ्यात वरच्या नंबरवर पट्टी उभी राहिली. नावे नव्हती, नुसते आकडे. त्या फोनमध्ये नावे साठवायची गरजच कधी पडली नव्हती. ते आकडे कुणाचे, हे राजरत्नला कसे कळणार? त्याने जवळ उभ्या असलेल्या शीलापुढे पाटी तारांसकट वळवली.

“हा बघा. हा तुमचा हाये का?”

शेवटचे आकडे तिने आधी पाहिले. ते तिचे नव्हते.

तिच्या अंगातून काहीतरी सरकन उतरले. डोळ्यांपुढे क्षणभर काहीच राहिले नाही. तिचे नव्हते. तिने केले नव्हते. अंगठा पुन्हा तिचा झाला, गरम, जिवंत, तिच्या हाताचा. त्या सुटकेत इतकी निर्लज्ज गोडी होती की तो दुसरा विचार तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग ते आकडे तिने पुन्हा, सुरुवातीपासून वाचले.

डेअरीच्या पावतीवर लिहायचा म्हणून तो नंबर तिला तोंडपाठ होता. गेली कित्येक वर्षे पाठ होता.

“सांगा की, ताई,” साधना म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. “का आता वाचता येईना?”

शीलाने तोंड उघडले. सांगणे किती सोपे होते. एक नाव, आणि या साऱ्या दिवसांचे ओझे तिच्या अंगावरून उठून समोरच्या बाईच्या अंगावर जाऊन बसले असते. तिला ते हवे होते. ते तिच्या जिभेवर आले होते आणि तिला त्याची चव लागत होती. पण ते तोंडून निघेना. तिने पाटी साधनाकडे वळवली.

“तूच वाच.”

साधना वाकली. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शाळेतल्यासारखी, आकड्यामागून आकडा, शीलाला ऐकू जावा म्हणून एकेक ठासून. अर्ध्यावर तिचा आवाज बारीक झाला. पुढचे आकडे तिने ओठांतच वाचले. मग ओठही थांबले.

“हा माझा नंबर हाये,” ती राजरत्नला म्हणाली, जणू त्याची काही चूक झाली असावी. “माझा इथं कसा येईल? खाली बघा.”

त्याने पट्टी खाली नेली. खालचा नंबर शीलाचा होता, त्याखालचाही शीलाचा. रोजच्या सकाळी एकाखाली एक रांगेने उभ्या होत्या. वर, सगळ्यांच्या डोक्यावर, साधना.

“मी तर त्यांना लावला व्हता,” ती म्हणाली. “जेवायला बोलवायला.”

तिने कमरेला खोचलेला आपला फोन काढला, नावांची यादी उघडली. शीलाला ती दुरूनही दिसली. अमृत. त्याच्या लगेच खाली, अमृत मोटर. त्या सिमचा कागद त्याच्या नावावर होता म्हणून त्यानेच तिच्या फोनात ते तसे टाकून दिले होते. साधनाने मोटरीला कधी फोन लावलाच नव्हता. ते नाव तिथे आहे हेही ती विसरून गेली होती.

“उचलला त्यांनी,” ती म्हणाली. “म्हणजे, उचलला गेला. बोलले न्हाईत. नुसता खरखर आवाज, मग तोबी बंद. मला वाटलं, काल भांडलो त्याचा राग धरलाय. मी म्हणलं, भाकरी गार व्हतीये. दोनदा म्हणलं.”

राजरत्नने डोळ्यावरचे भिंग काढले आणि उगाच ते पुसायला घेतले. कुणाशी बोलत होती ही? लोखंडाच्या एका पेटीशी, फिरत्या शाफ्टशी, आणि त्याच क्षणी तिथे... शीलाने विचार तिथेच तोडला.

साधना बाकावर बसली. रडली नाही. तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले.

“ताई,” ती म्हणाली, “आज नका सांगू. त्यांची पट्टी निघू द्या. मग मी सोता सांगते.”

“आज संध्याकाळी मला राजुरीला धाडत्यात, साधना.”

“चार दिवस जाऊन या. मी बोलवून घेते. देवाची आण.”

शीला तिच्याकडे पाहत राहिली. किती सहज मागितले होते हिने, मिठाची वाटी मागावी तसे. आणि तरी त्या चेहऱ्यावर जे होते ते शीलाला परके नव्हते. तिने ते रोज रात्री भांड्यांच्या पितळेत पाहिले होते.

“मला वाटत व्हतं, माझाच असंल,” ती म्हणाली.

“काय?”

“मी सगळ्यांना सांगत व्हते न्हाई म्हणून. पण मला ठाऊक नव्हतं. आत्ता, हा उघडस्तवर ठाऊक नव्हतं. दोनाचं बटण दाबलं का न्हाई, आठवतच न्हाई मला. तू वर दवाखान्यात माझं नाव घेऊन रडत व्हतीस ना, तवा मी खाली जिन्यात बसून म्हणत व्हते, खरं बोलती ती.” तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. “म्हणून सांगते. ते घेऊन राजुरीला मी आता न्हाई जाणार. एक दिवसबी न्हाई. ते माझं असतं तर गेले असते.”

दारातला उजेड अडला. हौशीराम परत आले होते. त्यांच्या हातात मेडिकलची पिशवी होती, आणि चालून चालून त्यांना दम लागला होता. त्यांनी काउंटरवरची उघडी पाटी पाहिली, पिवळा उजेड पाहिला.

“निघालं का?”

राजरत्न तारांकडे पाहत राहिला. साधनाने मान वर केली नाही.

“निघालं, आबा,” शीला म्हणाली. “माझा नंबर न्हाई.”

ते वाक्य तिने इतके दिवस म्हटले होते. आज पहिल्यांदा ते तिच्या पायाखाली घट्ट उभे राहिले.

“मग कुणाचा?”

“ते मी न्हाई सांगणार.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले, मग बाकावर, मग बाकावरच्या बाईच्या मांडीवर पालथ्या पडलेल्या फोनकडे. त्यांना नंबर लावता येत नव्हता. पण माणसे वाचता येत होती. त्यांच्या हातातली पिशवी हलकेच खाली आली. ते साधनाजवळ गेले नाहीत, दूरही गेले नाहीत. होते तिथेच, दोघींच्या मधे, उभे राहिले.

“मी जेवायला बोलवत व्हते, आबा,” साधना फरशीला म्हणाली.

हौशीराम शीलाकडे वळले. आपण काय बोलून बसलो होतो ते त्यांना आठवत असावे. चेहऱ्यावर ती आठवण हळूहळू चढत होती.

“चांगदेवाला मी...” ते म्हणाले आणि थांबले.

“मी सांगते त्यांना,” शीला म्हणाली.

तिने आपला फोन काढला आणि चांगदेवाचे नाव येईपर्यंत अक्षरे नीट, एकेक वाचली. मगच बटण दाबले. तो गाडीत होता. मागे कंडक्टरचा आवाज येत होता. राजगुरुनगर सोडले म्हणाला, पोरांचे कपडे भरून ठेव म्हणाला.

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमी मंचरलाच उतरा. दवाखान्यात या. आमी सगळी तिथंच हाय.”

पलीकडून तो काय झाले, काय झाले विचारत राहिला. “या मग सांगते,” म्हणून तिने फोन बंद केला. सांगायचे ते साधनाने होते, तिने नव्हे. पण ते आत्ता त्याला कशाला?

राजरत्नने तारा काढल्या. पडदा विझला. “हा जोडून ठिवू का?” त्याने विचारले. हौशीराम तोवर दाराशी पोचले होते.

रस्ता ओलांडताना हौशीराम पुढे होते. इंजेक्शनची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. साधना चालत होती आणि थांबत होती. दवाखान्याच्या दाराशी आल्यावर ती जिन्याखालीच उभी राहिली, नेमक्या त्या पायरीपाशी जिथे त्या रात्री शीला बसून होती.

“ते विचारतील, कुणाचा निघाला,” ती म्हणाली. “मी काय म्हणू?”

उत्तर असते तरी तिने ते या जावेला दिले असते का, हे शीलाला नक्की सांगता आले नसते. तिचा राग अजून तसाच होता, आणि तो इतक्यात जाणार नव्हता. वर, कठड्यावरून वाकून हौशीराम दोघींची वाट पाहत होते.

“अमृत जागा हाये,” ते म्हणाले.

शीला पायरी चढली. आजवर जिथे तिला अडवले होते तिथे, वळणावर, कठडा धरून उभी राहिली. मागे पाहिले नाही. खालून पावले येत आहेत का, ते ऐकत राहिली.